पोर्टमधून फुसफुस, बेस एकसुरी: बॉक्सला करवत लावण्याआधी

गाडीतल्या पोर्टवाल्या, म्हणजे हवेसाठी पाइप किंवा खाच ठेवलेल्या सबवूफर बॉक्सच्या तक्रारी ऐकायला वेगवेगळ्या वाटतात, पण बॉक्स उघडून मोजपट्टी लावली की बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते. पोर्टचं तोंड, पोर्टची लांबी आणि बॉक्सचे लिटर हे तीन आकडे एकमेकांशी जुळत नसतात. त्यातून आधी कुणीतरी ‘दुरुस्ती’ करून ठेवलेली असली, तर ते आणखी लांब गेलेले असतात. म्हणून खालचा क्रम पाळा. पहिल्या चार-पाच तपासण्यांना पैसा लागत नाही, आणि बरीच प्रकरणं तिथंच मिटतात.

लक्षणं

- ठरावीक सुरावर पोर्टमधून फुस्स-फुस्स असा वाऱ्याचा आवाज येतो. व्हॉल्यूम उतरवला की जातो.
- कुठलंही गाणं लावा, बेस एकाच सुरात ढम्म-ढम्म करतो. गिटारचा बेस आणि ढोलाचा ठोका यांत फरक कळत नाही.
- खोल सुरावर कोन (वूफरचा पडदा) वेड्यासारखा फडफडतो, मध्येच ‘टक्’ वाजतं, कधी जळका वास येतो. वूफरची कॉइल (पडदा हलवणारं तारेचं वेटोळं) आधीही बदलून झालेली असते.
- डिकी उघडी असताना बेस चांगला, बंद केली की गायब.
- बेसच्या मागे बारीक शिट्टी किंवा चरचर.

पहिलं लक्षण सहसा पोर्टचं तोंड लहान असल्याचं. दुसरं आणि तिसरं ट्यूनिंग (बॉक्स आणि पोर्ट मिळून ज्या सुरावर घुमतात तो सूर) फार वर गेल्याचं, आणि ही दोन बहुधा जोडीनं येतात. चौथं तोंड कोंडल्याचं किंवा उलट्या जोडणीचं. पाचव्यात पोर्टचा दोष क्वचितच असतो.

आवाज खरंच पोर्टचा आहे का?

एक जाड टॉवेल गुंडाळा आणि पोर्टमध्ये घट्ट कोंबा. आतापर्यंत ज्या सुरावर त्रास होत होता तोच तुकडा मध्यम आवाजात वाजवा. फुसफुस गेली तर पोर्टच. तशीच राहिली तर पोर्टच्या नावानं बोटं मोडू नका, पुढे शोधा. टॉवेल कोंबल्यावर बॉक्स जवळपास बंद पेटीसारखा वागतो, बेस कोरडा आणि कमी होतो, ते अपेक्षितच आहे. त्या अवस्थेत आवाज चढवून बघायची मात्र गरज नाही.

चरचर असेल तर गाडीकडे बघा. मागची नंबर प्लेट, पार्सल ट्रे, जॅक आणि पान्याची पिशवी, स्टेपनीवरचं झाकण, मागच्या सीटबेल्टचं बक्कल. एकानं आत बसून ४० ते ६० हर्ट्झमध्ये सूर हळूहळू सरकवावा, दुसऱ्यानं एकेक वस्तू हातानं दाबून धरावी. टोन जनरेटरची फुकट ॲप फोनवर मिळतात. जी वस्तू दाबल्यावर आवाज थांबतो तिच्यामागे फोमची पट्टी लावली की काम संपलं. नव्या बॉक्सचा विचार करून आलेले लोक प्लेटमागे पट्टी लावून परत गेलेले मी पाहिले आहेत.

तोंडासमोर काय आहे?

पोर्ट म्हणजे नुसतं भोक नव्हे. पोर्टमधली हवा हे एक वजन आहे आणि बॉक्समधली हवा ही त्यामागची स्प्रिंग. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ठरावीक सूर निघतो, अगदी तेच इथं घडतं. हे वजन मोकळेपणी मागेपुढे व्हायला तोंडाच्या बाहेरही जागा लागते आणि बॉक्सच्या आत, पाइपाच्या दुसऱ्या टोकाशीही. गोल पोर्टला किमान त्याच्या व्यासाइतकी आणि खाचेच्या पोर्टला किमान खाचेच्या रुंदीइतकी मोकळी जागा हवी. जास्त मिळाली तर उत्तमच.

प्रत्यक्षात डिकीत काय असतं? मुलांच्या बॅगा, पाण्याचा कॅन, गणपतीला गावी जाताना भरलेलं सामान. पोर्ट मागच्या सीटला चिकटलेला असतो नाहीतर डिकीच्या दाराला. समोर अडथळा जवळ आला की पोर्ट लांब झाल्यासारखा वागतो, ट्यूनिंग खाली सरकतं आणि हवा घासून आवाज करते. बॉक्स फिरवून बघा. तोंड मागे, तोंड वर, तोंड बाजूला, असं प्रत्येक दिशेला तेच गाणं वाजवा. बंद गाडीत खोल बेस आपोआप वाढतो, कारण लहान जागेत दाब साचतो. तरीही डिकी उघडल्यावरच बेस चांगला येत असेल, तर बहुधा तोंड कोंडलेलं आहे.

आपल्याकडे सीएनजीच्या गाड्यांत ही अडचण हमखास येते. सिलिंडरनं डिकी खाल्लेली असते आणि उरलेल्या फटीत बॉक्स ठोकून बसवलेला असतो, पोर्टचं तोंड थेट सिलिंडरवर. ध्वनीपुरतं बोलायचं तर तोंड वर करा. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचायला अडथळा येतो का ते बघा. येत असेल तर बॉक्स त्या गाडीत ठेवायचाच नाही.

याच वेळी ॲम्पवरचं फेजचं (कोनची हालचाल उलटवणारं) बटण ० वरून १८० वर करून ऐका. ज्या बाजूला बेस जास्त येतो तिथं ठेवा. दोन सेकंदांचं काम आहे आणि कधीकधी सगळी तक्रार तेवढ्यातच संपते.

ॲम्पवरची बटणं

बेस बूस्ट शून्यावर. हेड युनिटमधला (डॅशबोर्डवरच्या स्टिरिओतला) लाउडनेस बंद. फोनमधला इक्वलायझर बंद. लो-पास (वरचे सूर कापणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास.

बेस बूस्टबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण त्याच्यामुळे बिचाऱ्या पोर्टला फार शिव्या बसतात. बहुतेक ॲम्पमध्ये हा बूस्ट ४५ हर्ट्झच्या आसपास असतो आणि १२ डेसिबलपर्यंत जातो. ३ डेसिबल वाढवले की लागणारी पॉवर दुप्पट होते. १२ डेसिबल म्हणजे सोळापट. शंभर वॉटवर सुखानं चालणाऱ्या सुरासाठी ॲम्पकडे सोळाशे वॉट मागितले जातात. ॲम्प तेवढे देऊ शकत नाही, सिग्नल कापला जातो, आणि त्या एका पट्ट्यात पोर्टमधून इतकी हवा ढकलली जाते की कुठलाही पोर्ट फुसफुसेल. बूस्ट शून्यावर आणल्यावर ‘बेस कमी झाला’ असं वाटेल. दोन दिवस कानांना द्या, मग ठरवा.

दुसरं बटण सबसॉनिक फिल्टरचं, म्हणजे फार खोल सूर कापणाऱ्या फिल्टरचं. पोर्टवाल्या बॉक्समध्ये ट्यूनिंगच्या सुरावर कोन सर्वांत कमी हलतो, काम पोर्ट करतो. ट्यूनिंगच्या खाली गेलं की हवेची स्प्रिंग हात सोडते आणि कोन मोकाट सुटतो. आवाज फारसा येत नाही, हालचाल मात्र प्रचंड. ‘टक्’ वाजतं ते इथंच, कॉइल मागच्या प्लेटवर आपटते. म्हणून ३५ हर्ट्झच्या बॉक्सला फिल्टर २५ ते २८ वर लावायचा. बंद पेटीतून पोर्टच्या बॉक्सवर आलेले लोक हे बटण विसरतात, कारण आधी त्याची इतकी गरज नव्हती. ॲम्पवर हा फिल्टर नसेल तर हेड युनिटच्या सेटिंगमध्ये शोधा. तिथंही नसेल तर खोल सुरांवर आवाज चढवताना हात आवरता ठेवावा लागेल, दुसरा मार्ग नाही.

गळती

एक पावसाळा निघतो, दुसरा निघतो, आणि तिसऱ्यात एमडीएफचा (दाबून केलेल्या लाकडी फळीचा) तळ फुगतो. कोकणात आणि गोव्यात तर लवकरच. सांध्यातली फट डोळ्यांना दिसत नाही, पण आतल्या दाबाला ती बरोबर सापडते. फटीतून हवा निसटते तेव्हा शिट्टी येते, शिवाय ट्यूनिंगवरची ताकद कमी होते.

अगरबत्ती लावा. ३० ते ४० हर्ट्झचा सूर हलक्या आवाजात चालू ठेवून धूर सांध्यांजवळून, वूफरच्या कडेनं आणि तारा जिथं आत जातात त्या प्लास्टिकच्या टर्मिनलजवळून फिरवा. धूर जिथं थरथरतो तिथं गळती. टर्मिनल हा सर्वांत मोठा चोर. त्याखाली गॅस्केट नसतंच बऱ्याचदा. तिथं फोमची पट्टी पुरते. आतून सांध्यांना सिलिकॉन किंवा फेविकॉल आणि लाकडाच्या भुश्शाचा लगदा भरा. सिलिकॉन वापरलंत तर पूर्ण सुकेपर्यंत वूफर परत बसवू नका. काही प्रकारांतून सुकताना ॲसिडची वाफ निघते, आणि बंद बॉक्समध्ये ती तारांच्या तांब्याला खाते.

आता मोजा: बॉक्स खरा किती हर्ट्झवर आहे?

इथून पुढे टेप आणि कागद लागेल. आधी कान आणि डोळ्यांनी खरं ट्यूनिंग शोधा. बॉक्सवर किंवा बिलावर लिहिलेला आकडा बाजूला ठेवा.

कोनवर व्हाइटनरचा एक बारीक ठिपका द्या. डिकी उघडी, आवाज हलका. टोन ६० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झनं खाली आणत जा आणि ठिपका बघत राहा. कोनची हालचाल कमी कमी होत एका ठिकाणी जवळपास थांबते आणि त्याखाली पुन्हा वाढते. जिथं थांबली ते तुमचं ट्यूनिंग. त्याच क्षणी पोर्टसमोर हात धरला तर वारा सर्वांत जोरात लागतो. दोन्ही खुणा एकाच आकड्यावर आल्या तर शंका नको. कोन कुठंच थांबत नसेल तर गळती मोठी आहे किंवा आतली फळी सुटली आहे.

गाडीत गाणी ऐकायला ३२ ते ३८ हर्ट्झच्या दरम्यानचं ट्यूनिंग बहुतेकांना चालतं. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झवर वाजते, पाच तारांच्या गिटारची ३१ वर. तुमचा ठिपका ४८ किंवा ५० वर थांबला, तर एकसुरी ढम्म-ढम्मचं कारण सापडलं. बॉक्स तिथंच ओरडतो, आणि त्याखालच्या प्रत्येक सुरावर वूफर आधाराविना हलतो.

भोक वाढवलं, लांबी तीच ठेवली

सगळ्यात जास्त भेटणारा दोष हाच, म्हणून इथं रेंगाळतो.

गोष्ट अशी घडते. १२ इंची वूफर, ५० लिटरचा बॉक्स, त्यात ड्रेनेजच्या ‘चार इंची’ पीव्हीसी पाइपाचा एक पोर्ट. हा पाइप बाहेरून ११० मिलिमीटर असतो आणि आतून साधारण १०४. हिशेबात आतला व्यास धरायचा. क्षेत्रफळ ८५ चौरस सेंटिमीटर. ३४ सेंटिमीटर लांबी ठेवली की ट्यूनिंग ३५ हर्ट्झ. हिशेब बरोबर आहे. पण पोर्ट फुसफुसतो, कारण १२ इंची वूफरला ८५ चौरस सेंटिमीटर कमी पडतात. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘अजून एक पाइप टाक.’ त्याच लांबीचा दुसरा पाइप बसतो. फुसफुस खरोखरच थांबते, सगळे खूश. पण तोंड दुप्पट झाल्यामुळे ट्यूनिंग ३५ वरून ५० च्या आसपास गेलेलं असतं. त्यानंतर काही महिन्यांत कॉइल जळते आणि दोष वूफरच्या कंपनीला जातो.

क्षेत्रफळ दुप्पट केलं तर ट्यूनिंग जागेवर ठेवायला लांबी दुपटीहून जास्त वाढवावी लागते. सूत्र सेंटिमीटर आणि लिटरमध्ये असं:

लांबी = (३०,००० × पोर्टचं क्षेत्रफळ) ÷ (ट्यूनिंग × ट्यूनिंग × लिटर) − ०.७३ × व्यास

शेवटची वजावट का? पाइपाच्या दोन्ही टोकांबाहेरची थोडी हवाही आतल्या हवेबरोबर हलते, त्यामुळे पाइप आहे त्यापेक्षा लांब असल्यासारखा वागतो. तेवढी लांबी कापून टाकायची. खाचेच्या पोर्टला व्यास नसतो, तिथं क्षेत्रफळाचं वर्गमूळ काढून १.१३ नं गुणा आणि ते व्यासाच्या जागी घाला. पाइप एकाहून जास्त असतील तर क्षेत्रफळ सगळ्यांचं मिळून, वजावटीतला व्यास मात्र एकाच पाइपाचा.

वरच्या उदाहरणात दोन पाइप आणि ३५ हर्ट्झ हवे असतील तर ३०,००० × १७० भागिले ३५ × ३५ × ५०, म्हणजे ८३. त्यातून साडेसात गेले. प्रत्येक पाइप सुमारे ७६ सेंटिमीटर! ५० लिटरच्या बॉक्समध्ये ते सरळ मावतच नाहीत, आणि दोन्ही मिळून चौदा-पंधरा लिटर जागा खातात. दुकानात लांबीचा विषय का निघत नाही, ते यावरून कळावं.

मग क्षेत्रफळ किती हवं?

वूफरच्या कागदावर दोन आकडे शोधा. कोनचं क्षेत्रफळ, म्हणजे एसडी, आणि एका बाजूची कमाल हालचाल, म्हणजे एक्समॅक्स. दोन्हींचा गुणाकार म्हणजे कोन एका धक्क्यात किती हवा ढकलतो ते. १२ इंची वूफरचा एसडी ४८० चौरस सेंटिमीटर आणि एक्समॅक्स १२ मिलिमीटर धरला, तर ४८० × १.२ = ५७६ घन सेंटिमीटर. याला ट्यूनिंगनं गुणा, वर्गमूळ काढा, दहानं भागा: ५७६ × ३५ चं वर्गमूळ १४२, म्हणजे १४ सेंटिमीटरचा एक गोल पोर्ट, सुमारे १६० चौरस सेंटिमीटर. हा नियम रिचर्ड स्मॉल यांचा. नेव्हिल थील आणि स्मॉल या ऑस्ट्रेलियात काम केलेल्या दोघांनी पोर्टच्या बॉक्सचं गणित मांडलं, आणि वूफरच्या कागदावरचे थील-स्मॉल आकडे त्यांच्याच नावाचे.

कागद हरवला असेल तर कार ऑडिओवाल्यांचा ठोकताळा वापरा: दर घनफुटाला, म्हणजे २८ लिटरला, ८० ते १०० चौरस सेंटिमीटर. ५० लिटरला १४० ते १८०. दोन्ही वाटांनी आकडा जवळपास सारखाच येतो. संगणकावर विनआयएसडी हा फुकट प्रोग्रॅम असेल तर त्यात पोर्टमधल्या हवेचा वेगही दिसतो. १७ मीटर प्रतिसेकंदाखाली राहिलात तर आवाज जवळपास नाहीच. गाडीत रस्त्याचा आवाज असतो, त्यामुळे २५ पर्यंत खपतं. ३४ ओलांडला की कुठलीही सजावट वाचवत नाही.

लिटर मोजताना पडणारी गल्लत

दोष बॉक्सच्या लिटरमध्येही असू शकतो. बाहेरून ७५ × ३६ × ४० सेंटिमीटरचा, १८ मिलिमीटर एमडीएफचा बॉक्स घ्या. आतून तो ७१.४ × ३२.४ × ३६.४, म्हणजे ८४ लिटर. आता आत ५ सेंटिमीटर रुंदीची, पूर्ण उंचीची खाच आहे. तिचं क्षेत्रफळ १६२. ३५ हर्ट्झसाठी कारागिरानं ८४ लिटर धरून हिशेब केला तर लांबी साडेछत्तीस येते. पण खाच आणि तिची फळी मिळून आठ लिटर जातात, वूफरचं चुंबक आणि फ्रेम तीन-साडेतीन, आधाराच्या पट्ट्या एक. उरले ७१-७२. प्रत्यक्ष ट्यूनिंग ३८. नीट वजाबाकी करून काढली तर लांबी ४७ सेंटिमीटर येते. लांबी बदलली की पोर्टनं खाल्लेले लिटरही बदलतात, म्हणून हिशेब दोन-तीनदा फिरवून बघावा लागतो.

३ हर्ट्झचा फरक एकट्यानं काही जाळत नाही. पण त्यात सबसॉनिक नाही, बूस्ट पूर्ण, आणि तोंड सीटला टेकलेलं, अशी बेरीज झाली की कॉइलचं बिल येतं.

खाचेच्या पोर्टबद्दल आणखी एक. बॉक्सचीच भिंत पोर्टची भिंत असते तेव्हा आतल्या टोकाला हवा भिंतीच्या आधारानं पुढेही बांधलेली राहते, त्यामुळे ट्यूनिंग हिशेबापेक्षा एक-दोन हर्ट्झ खाली येतं. म्हणून नवा बॉक्स करताना आतली फळी आधी फक्त स्क्रूनं बसवा, ठिपक्याची चाचणी करा, मगच फेविकॉल. आणि खाच चपटी करून फुशारकी मारू नका. २ सेंटिमीटर रुंद आणि ८० सेंटिमीटर लांब तोंडाचं क्षेत्रफळ कागदावर १६० भरतं, पण हवा दोन्ही भिंतींना घासत जाते आणि आवाजही करते, ताकदही घालवते.

दुरुस्ती, स्वस्तापासून महागाकडे

ट्यूनिंग बरोबर असेल आणि फुसफुस थोडीच असेल, तर आधी कडा गोल करा. करवतीनं कापलेल्या पाइपाच्या धारदार काठावर हवा भोवरे करते. राउटर मशीन असलेला सुतार खाचेच्या कडांना १२ ते २० मिलिमीटरची गोलाई पाच मिनिटांत देतो. गोल पोर्टला पसरट तोंडाची प्लास्टिकची टोपी मिळते. आतलं टोकही गोल करा. लोक बाहेरचं करतात आणि आतलं विसरतात, अर्धा आवाज तिथूनच येत असतो. पसरट तोंडानं पोर्टची परिणामी लांबी थोडी कमी होते, तेव्हा नंतर ठिपका पुन्हा तपासा.

ट्यूनिंग वर असेल तर पोर्ट लांब करायचा. गोल पाइपाला जोडणीचा सॉकेट लावून तुकडा वाढवता येतो. मावत नसेल तर काटकोनी एल्बो चालतो, लांबी मधल्या रेषेवरून मोजा. लांब पाइप स्वतःही वाजतो अशी भीती असते. ७५ सेंटिमीटरचा पाइप २३० हर्ट्झच्या आसपास गुणगुणतो खरा, पण लो-पास ८० वर असेल तर तो तिथपर्यंत जागाच होत नाही. पाइप नेहमी थोडा लांब कापा. छाटणं सोपं असतं.

तिसरी वाट, ज्या दोन पाइपांनी घोटाळा केला त्यांतला एक लाकडी बुचानं कायमचा बंद करणं. फुसफुस परत येईल, पण वूफर वाचेल. पैसे नसताना मी हाच सल्ला देतो आणि लोकांना तो आवडत नाही.

तोंड मोठं, लांबी पुरेशी आणि बॉक्स लहान, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. हॅचबॅकच्या डिकीत १२ इंची वूफर पोर्टसह कोंबायचा हट्टच चुकीचा असतो बऱ्याचदा. १० इंचीला याच हिशेबानं ११ सेंटिमीटरचा पोर्ट लागतो, म्हणजे एक ११० चा पाइप जवळपास पुरतो. ३० लिटरच्या बॉक्सला ३६ हर्ट्झसाठी तो ५८ सेंटिमीटर लांब, एका एल्बोसह मावण्यासारखा. किंवा सरळ बंद पेटी करा: पोर्ट नाही, फुसफुस नाही, आवाज थोडा कमी पण बेस नेमका.

इथं थांबा

वूफर बंद असताना कोन दोन्ही हातांच्या बोटांनी समतोल, हळू आत दाबा. खरखर लागली किंवा जळका वास राहिला असेल तर कॉइल गेली आहे. मल्टिमीटरवर ४ ओहमच्या कॉइलला साधारण सव्वातीन ते पावणेचार दिसायला हवं. फारच वेगळा आकडा आला तर पुढे वाजवू नका, स्पीकर दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. बिघडलेल्या कॉइलवर पोर्ट जुळवत बसणं म्हणजे ॲम्पही घालवणं.

ॲम्प वारंवार प्रोटेक्टवर जातो (स्वतःला वाचवायला बंद पडतो), फ्यूज उडतो, पॉवरची वायर गरम होते, किंवा बॅटरीपासून हातभराच्या आत फ्यूजच नाही, असं दिसलं तर बॅटरीची मायनस वायर काढा आणि गाडीच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. मोठा फ्यूज टाकून बघू नका. हे आगीचं प्रकरण आहे.

बॉक्स बांधण्यासाठी गाडीच्या तळाला किंवा मागच्या सीटखाली ड्रिल मारू नका. अनेक गाड्यांत पेट्रोलची टाकी तिथंच खाली असते. सीएनजीच्या सिलिंडरच्या पट्ट्यांना काहीही अडकवू नका, त्या कामाला किट बसवणारं अधिकृत केंद्रच हवं. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी तारा दिसल्या तर हात मागे घ्या आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

आणि नवा बॉक्स करून घ्यायला कारागिराकडे जाणार असाल तर एका कागदावर हे लिहून न्या: वूफरचा एसडी आणि एक्समॅक्स, वूफरनं खाल्लेले लिटर, हवं ते ट्यूनिंग, आतून निव्वळ लिटर, पोर्टचं क्षेत्रफळ, पोर्टची मधल्या रेषेवरची लांबी, आणि डिकीत बॉक्स ठेवल्यावर तोंडासमोर किती जागा उरते. ‘आम्ही सगळ्यांना हाच पाइप टाकतो’ असं उत्तर मिळालं, तर कागद घडी करून खिशात ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.